शुक्रवार पेठेतलं घर विकताना: नोंदी, ऑगस्ट २०२४ ते जून २०२५

घर कोल्हापुरात, शुक्रवार पेठेच्या नदीकडच्या भागात. आजोबांनी १९६२ ला बांधलं. दगडी जोतं, मातीत रचलेल्या भाजक्या विटा, सागवानी तुळया, वर मंगलोरी कौलं. खाली सोपा, मधली खोली, स्वयंपाकघर, न्हाणी, मागं थोडं परडं. माडीवर दोन खोल्या. २०२१ च्या पुरानंतर आई माझ्याकडे फुलेवाडीला राहायला आली आणि त्याच नोव्हेंबरात घर विकायला काढलं. आधी ७५ लाख सांगितले, मग ६८, मग ६२. वहीत ४१ माणसांची नावं आहेत जी घर बघून गेली. एकही परत आला नाही. जुनं पेठेतलं घर विकायला काढून बसलेली आमच्यासारखी बरीच घरं आहेत, त्यांच्यासाठी या नोंदी ठेवतेय.

११ ऑगस्ट २०२४, रविवार

आज बेचाळिसावे. सोबत एक म्हातारे गवंडी घेऊन आले होते. गिऱ्हाईक माडी बघायला वर गेलं, गवंडी खालीच थांबले. सोप्यातल्या भिंतीवर तळहात ठेवून सावकाश चालत गेले. दाराच्या मागं थांबले, खिशातली किल्ली काढली आणि रंग खरवडला. पुट्टीसकट प्लॅस्टिक पेंटचा पापुद्रा साय निघावी तसा निघून आला. खाली भिंतीवर तपकिरी रेघ.

"ताई, ही रेघ कशाची?"

मी म्हणाले, ओल असेल.

"ओलीची रेघ सरळ नसती. ही पाण्याची पातळी हाय."

ते बरोबर बोलले होते आणि मी खोटं बोलले होते. जानेवारी २०२२ मध्ये ३८,००० रुपये घालून ती रेघ आम्हीच झाकली होती. एजंटनं सांगितलं होतं, "आधी रंग मारा, मग दाखवा." गिऱ्हाईक खाली आलं, गवंड्यांनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं, पाच मिनिटांत सगळे गेले. मी घर बंद करून बराच वेळ सोप्यात बसून राहिले. किंमत कमी करायची नाही, आधी कारण शोधायचं, हे तिथंच ठरवलं.

१३ आणि १४ ऑगस्ट

वहीतल्या ४१ जणांना फोन लावले. व्यवहार नको, फक्त खरं कारण सांगा, असं विचारलं. १४ जण मोकळेपणानं बोलले. सहा म्हणाले, "वकिलांनी कागद बघून नको म्हणून सांगितलं." चार म्हणाले, बँकेनं कर्ज नाकारलं. तिघांना गल्लीतल्या चहावाल्याकडून पुराचं कळलं होतं आणि आम्ही ते सांगितलं नाही म्हणून त्यांनी नाद सोडला. किंमत जास्त वाटली असं म्हणणारा एकच. पावणेतीन वर्षांत आम्ही १३ लाख उतरलो ते त्या एकट्यासाठी.

हे फोन २०२२ सालीच करायला हवे होते. दोन संध्याकाळी गेल्या, पैसा एकही नाही.

१८ ऑगस्ट

तिन्ही एजंटांना घर काढून घेतल्याचं सांगितलं. त्यातले दोघे अजून ७५ आणि ६८ सांगत होते, तिसरा ६२. कोल्हापुरात एकाच घराच्या तीन किमती कानावर आल्या की लोक समजतात मालकाला नड आहे आणि थांबून बसतात. आता एकच मध्यस्थ ठेवला आहे, कागदावर लिहून: एक टक्का, किंमत बदलायची तर आम्हाला विचारून, आणि पुराबद्दल पहिल्या फोनवरच सांगायचं. हे शेवटचं कलम ऐकून ते थोडे थबकले, पण सही केली.

२१ ऑगस्ट

नगर भूमापनातून प्रॉपर्टी कार्डाचा ताजा उतारा काढला. नाव अजून आजोबांचंच. ते १९८४ ला गेले, आजी १९९५ ला, बाबा २०१६ ला. घरफाळ्याची पावती बाबांच्या नावानं येते, त्यावरून आम्ही घर बाबांचं समजत होतो. घरफाळा कोण भरतो यावरून मालकी ठरत नाही, वकिलांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. आजोबांनी मृत्युपत्र केलेलं नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मुलींचा हक्क मुलाइतकाच. म्हणजे बाबांबरोबर दोन्ही आत्यांचंही नाव लागणार. धाकटी आत्या २०११ ला गेली, तिच्या जागी तिची दोन मुलं.

जाहिरातीत आम्ही काय लिहिलं होतं? 'एकच मालक, कागद क्लिअर.'

दुसरी चूक क्षेत्राची. जाहिरातीत १,३५० चौरस फूट, कार्डावर ११२.४ चौ.मी., म्हणजे १,२१० चौरस फूट. १४० फुटांचा फरक कुठून आला ते मोजून बघितल्यावर कळलं: शेजारच्या घराबरोबरचा सामाईक बोळ बाबा आपल्यातच धरायचे.

२५ ऑगस्ट, गडहिंग्लज

एसटीनं आई आणि मी अक्काआत्याकडे गेलो. पुण्याहून दादाचा आदल्या रात्री फोन होता: "हक्कसोडपत्राचा मसुदा घेऊनच जा, सही झाली की विषय संपला." मसुदा पिशवीत होता. काढला नाही.

आईनं चहा होईपर्यंत काही काढलं नाही, मग म्हणाली, "वन्सं, चुकलं आमचं." आत्या ७४ वर्षांची आहे. पदराला हात पुसत म्हणाली, "मी सही करतो, न्हाई असं न्हाई. पण घर विकायला काढलंय हे मला बाजारात तिसऱ्याकडनं कळलं. माझं नाव हाय त्या घरावर आणि तिसऱ्याकडनं कळलं."

मी स्वतः एक मुलगी आहे. दादाच्या जागी दुसरा कोणी असता तर असाच मसुदा माझ्या पुढ्यात आला असता. परतीच्या एसटीत ठरवलं की हक्कसोड कुणाचंच करून घ्यायचं नाही. सगळे वारस विकणारे म्हणून खरेदीखतात येतील आणि प्रत्येकाची रक्कम खतात लिहिली जाईल.

दादाला पटायला तीन आठवडे लागले. घराची दुरुस्ती, कौलं, दोन पुरांची साफसफाई हे सगळं बाबांनी आणि आम्ही केलं, हे त्याचं म्हणणंही खोटं नव्हतं. शेवटी सगळे एकत्र बसून ठरलं: घर ६० लाखांच्या आसपास गेलं तर अक्काआत्याला दहा, धाकट्या आत्याच्या मुलांना मिळून दहा, बाकी आम्हा तिघांना. आत्याच म्हणाली, तुमच्या बापानं घर धरून ठेवलं, ते धरायला हवं.

२ सप्टेंबर

वारस नोंदीचा अर्ज दिला. पहिल्या वेळी अपुरा म्हणून परत, चूक आमचीच: आजोबांचा मृत्यू दाखला जोडला नव्हता. तो महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदीतून काढला. आत्याचं माहेरचं नाव, सासरचं नाव आणि आधारवरचं नाव तीन तऱ्हेची, त्याचं प्रतिज्ञापत्र. धाकट्या आत्याच्या मुलांचे दाखले इचलकरंजीहून. पुन्हा अर्ज १६ तारखेला. १८ पासून पितृपक्ष, त्या पंधरवड्यात घर बघायला कोणी येत नाहीच. तो वेळ भिंतींना दिला.

२३ सप्टेंबर ते ९ ऑक्टोबर: भिंती

ज्यांचं घर पुरात भिजलंय त्यांनी हे नीट वाचावं.

त्याच म्हाताऱ्या गवंड्यांना शोधून काढलं, गंगावेशीत राहतात. त्यांनी सगळ्यात आधी पुट्टी आणि प्लॅस्टिक पेंट जमिनीपासून साडेचार फुटांपर्यंत उतरवायला लावला. त्याखाली २०१९ नंतर आम्ही मारलेला सिमेंटचा गिलावा होता, तोही काढला. मातीत रचलेली वीट पाणी पिते आणि उन्हाळ्यात सोडते. वरून सिमेंट आणि प्लॅस्टिक चढवलं की पाणी आत अडकतं, विटेला लोणा लागतो, मिठासारखी पांढरी भुकटी बाहेर येते आणि रंग फुगतो. आमच्याकडे तेच झालं होतं. काही विटा बोटानं खरवडल्या तर भुसा पडत होता. अशा ६० विटा बदलल्या.

भिंत उघडी करून आठ दिवस पंखे लावले. मग चुन्याचा गिलावा आणि त्यावर चुन्याचीच सफेदी. खर्च ४६,५०० रुपये. गवंडी रोज दुपारी भिंतीवर पाठीकडचा हात टेकवून बघायचे, गार लागलं की म्हणायचे, "आज न्हाई, उद्या." आम्हाला घाई होती, त्यांना नव्हती, आणि म्हणून काम टिकलं.

लाईटचा मीटर, मेन स्विच आणि खालची सगळी बटणं साडेपाच फुटांवर नेली. १४,५०० रुपये.

शेवटच्या दिवशी सोप्यातल्या दाराच्या मागं दोन रेघा काढल्या. निळ्या रंगात, बोटभर जाड. खालची जमिनीपासून ३ फूट २ इंच, 'ऑगस्ट २०१९'. वरची ३ फूट ९ इंच, 'जुलै २०२१'. आईला बघवलं नाही. "विकायचंय का लोकांना पळवायचंय?" म्हणाली. मी म्हणाले, जे पळणार ते तसेही पळालेत.

१२ ऑक्टोबर, दसरा

नवीन जाहिरात. किंमत ६२, म्हणजे तीच. मजकूर असा: 'कार्डाप्रमाणे १,२१० चौ. फूट, बोळ सामाईक. वारस सहा, सगळे विकायला तयार, नोंद सुरू आहे. २०१९ आणि २०२१ ला खालच्या मजल्यात पाणी, माडी कोरडी.' फोटो सकाळी आठला काढले, सोप्यात ऊन येतं तेव्हा. निळ्या रेघांचाही एक फोटो.

आठवड्यात नऊ फोन. आधीच्या जाहिरातीला यापेक्षा जास्त यायचे, पण हे नऊही जण पूर ऐकूनच बोलत होते.

२७ ऑक्टोबर

एक बांधकाम व्यावसायिक. घर पाडून बांधायचा विचार. त्यांनीच सांगितल्यावर महापालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला आणि पूररेषेतली जागा काढून घेतली. आमची मिळकत निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये येते. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. मधल्या पट्ट्यात नवं बांधकाम होतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर ०.४५ मीटर हवं. १८ फुटांच्या दर्शनी रुंदीत एवढं जोतं उचलून गाडी कशी चढवणार? त्यांनी ४५ लाख सांगितले. नाही म्हटलं. दाखला मात्र फायलीत राहिला आणि पुढं फार उपयोगी पडला. पूरपट्ट्यातलं घर असेल तर हा दाखला आधीच काढून ठेवा.

१८ नोव्हेंबर

कार्डावर वारसांची नावं लागली. उतारा आत्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. तिच्या नातीनं तिला वाचून दाखवला म्हणे, दोनदा.

८ डिसेंबर

बँकेचा प्रश्न सुटला तो आजोबांच्या पत्र्याच्या पेटीमुळे. ज्यांना कर्ज नाकारलं त्या सगळ्यांना एकच सांगितलं गेलं होतं: मंजूर नकाशा नाही. आम्हीही तेच समजत होतो. पेटी दोन्ही पुरांत माडीवर होती म्हणून वाचली. तळाशी, लग्नाच्या याद्यांच्या खाली, १९६२ चा बांधकाम परवाना आणि निळ्या कागदावरचा नकाशा. तेव्हा कोल्हापूरला नगरपालिका होती, महानगरपालिका १९७२ ची. म्हणून महानगरपालिकेचा कागद शोधून तो कधीच मिळाला नसता. घडीवर कागद फाटत होता. दोन प्लॅस्टिकच्या पानांत घालून स्कॅन केला.

सोबत स्ट्रक्चरल ऑडिट करून घेतलं, १२,००० रुपये. तुळया ठणठणीत निघाल्या. माडीच्या मागच्या खोलीतली एक तक्तपोशीची फळी बदला म्हणून सांगितलं, बदलली.

५ जानेवारी २०२५

गंगावेशीत दुचाकीचं गॅरेज चालवणारे एक गृहस्थ आणि त्यांची बायको. गवंड्यांनीच पाठवले. दारामागच्या रेघांपाशी ते आपण होऊन गेले, आणि आजवर कोणी विचारला नव्हता तो प्रश्न त्यांनी विचारला: "सामान वर न्यायला किती वेळ मिळतो?"

हे मला पाठ आहे. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी, ४३ धोका. गेल्या जुलैत ४३ च्या वर गेलं तरी पाणी गल्लीच्या तोंडाशीच थांबलं. २०१९ ला ५५ आणि २०२१ ला ५६ फुटांच्या वर गेलं तेव्हा सोप्यात आलं. जामदार क्लबाजवळ पाणी दिसलं की आम्ही आवरायला घ्यायचो, तेव्हापासून साधारण एक दिवस हाताशी असायचा. मग त्यांना मधल्या खोलीतली तुळईची कडी दाखवली. तिला कप्पी अडकवून, माडीवरच्या झडपेतून बाबा गव्हाची पोती आणि शिलाई मशीन वर घ्यायचे. बाईंनी कडीला हात लावून बघितला, जोरात ओढली.

त्यांना खाली गाड्यांचं काम आणि वर राहणं हवं होतं. गाड्या ढकलत नेता येतात, अवजारं चाकाच्या कपाटात. ५७ म्हणाले. आम्ही ६२. तासाभरानं ६० वर ठरलं. पौष होता, म्हणून संचकार, म्हणजे इसार, महिना संपल्यावर.

२ फेब्रुवारी, वसंत पंचमी

संचकारपत्र, पाच लाख. त्यांच्या वकिलांनी घराच्या ३० वर्षांच्या दस्तांचा शोध (सर्च) घेतला आणि दोन दैनिकांत १५ दिवसांची जाहीर नोटीस दिली. नवव्या दिवशी हरकत आली, शेजाऱ्यांची, बोळावरून. आमच्या जुन्या जाहिरातीत बोळ आमचा म्हणून लिहिलेला त्यांनी जपून ठेवला होता. त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. खतात 'बोळ सामाईक वहिवाटीचा' असं वाक्य घालून दाखवलं, त्यांनी हरकत मागं घेतली. पण १२ दिवस गेले.

२५ फेब्रुवारी: पॅन

हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर घेणाऱ्याला एक टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याचा आयकर आधीच, कापावा लागतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून विकणारे अनेक असले तरी एकूण किंमत धरतात, म्हणून आत्याच्या दहा लाखांवरही कपात आली. आत्याचं पॅन आधारला जोडलेलं नव्हतं, त्यामुळे निष्क्रिय. निष्क्रिय पॅनवर एक नाही, २० टक्के कापतात. दहा लाखांतले दोन लाख अडकले असते आणि ते सोडवायला रिटर्न भरत बसावं लागलं असतं. १,००० रुपये दंड भरून जोडलं, पॅन चालू व्हायला अकरा दिवस. वारसांत वयस्क माणूस असेल तर त्याचं पॅन पहिल्या दिवशी तपासा.

भांडवली नफ्यासाठी १ एप्रिल २००१ चं मूल्य मूल्यांककाकडून काढलं, फी ६,००० रुपये. ८ लाख आले. घर २३ जुलै २०२४ च्या आधीपासूनचं असल्यानं दोन्ही तऱ्हेनं हिशेब करून कमी येईल तो कर. सगळ्यांचा मिळून: इंडेक्सेशन, म्हणजे महागाईप्रमाणे वाढ, धरून मूल्य २९.०४ लाख, नफा ३०.९६ लाख, त्यावर २० टक्के म्हणजे सुमारे ६.१९ लाख. इंडेक्सेशन न धरता ५२ लाखांवर १२.५ टक्के म्हणजे ६.५ लाख. प्रत्येकाचा प्रत्यक्ष कर आपापल्या वाट्यावर आणि तो पैसा पुन्हा घरात घालणार का यावर बदलेल. दादा पुण्यातल्या फ्लॅटसाठी वापरणार आहे.

२१ मार्च, शुक्रवार

खरेदीखत. त्यांनी घर बाईंच्या एकटीच्या नावानं घेतलं, त्यामुळे मुद्रांक शुल्क सहाऐवजी पाच टक्के: तीन लाख, नोंदणी ३०,०००. कर्ज २५ लाख मंजूर झालं, १९६२ च्या परवान्यावर आणि ऑडिटवर.

आत्याचा अंगठा मशीन घेईना. उभा जन्म शेतात आणि चुलीपुढं गेला, रेषा झिजल्यात. सहा वेळा ठेवला. मग बाहेर जाऊन कोमट पाण्यानं हात धुतला, लुगड्याला कोरडा केला, आठव्या वेळी उमटला. कोणी घाई केली नाही. खतात तिचं नाव पहिलं आहे, वयानं मोठी म्हणून.

मध्यस्थांचे ६०,०००, वकिलांचे ३५,०००. किल्ली आईनं दिली.

२९ एप्रिल

घरफाळा, पाणीपट्टी आणि महावितरणच्या मीटरवर नाव बदलण्याचे अर्ज त्यांच्याबरोबर जाऊन दिले. हे खरेदीनंतर लगेच करा, नाहीतर थकबाकीची नोटीस जुन्या मालकाच्या दारात येते.

१९ जून

पाऊस यंदा मेमध्येच लागला. संध्याकाळी बाईंचा फोन: "ताई, कप्पी आणलीय, पण दोर कसा ओवायचा ते कळंना." आई म्हणाली, मला घेऊन चल. मधल्या खोलीत स्टुलावर बसून तिनं दोराला बाबांची गाठ मारून दाखवली, दोनदा सोडून पुन्हा मारली. मग बाईंनी मारली. कपाटाचा एक खण कडीला लावून माडीवर घेतला, उतरवला, आणि दोर भिंतीवर साडेपाच फुटांवर गुंडाळून ठेवला.